आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी मिळत नसेल तर काय करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निरोध फाटला, रोजच्या गोळ्या दोन-तीन दिवस राहून गेल्या, किंवा कोणतेही साधन न वापरता संबंध आला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर औषधाच्या दुकानात मिळणारी एकच गोळी येते. ती मिळाली नाही तर आता काहीच हातात नाही, असे समजून पुढचे दोन-तीन दिवस काळजीत काढले जातात आणि ज्या मुदतीत काही करता आले असते, नेमकी तीच निघून जाते. ही माहिती प्रामुख्याने महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकांसाठी लिहिली आहे. तिचा आधार घेऊन डॉक्टरांशी किंवा परिचारिकेशी नेमके बोलता यावे, हा तिचा उद्देश आहे.

माझ्या हातात नेमका किती वेळ आहे?

असुरक्षित संबंधापासून पाच दिवस, म्हणजे १२० तास. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकते. म्हणजे संबंध आला त्या दिवशी स्त्रीबीज तयार नसले, तरी ते दोन-तीन दिवसांनी बाहेर पडल्यास गर्भधारणा होऊ शकते. आपत्कालीन उपाय या मधल्या काळाचाच उपयोग करून घेतात. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत अधिक परिणामकारक असतात. त्यानंतर त्यांचा भरवसा कमी होत जातो, पण तो एकदम शून्यावर येत नाही. तांबीचा, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीचा, परिणाम मात्र पाचव्या दिवशीही तेवढाच राहतो. त्यामुळे गोळी शोधण्यात तीन दिवस गेले असले, तरी चौथ्या दिवशी दवाखान्यात जाण्यात अर्थ आहे.

गोळी खरोखरच मिळत नाही, हे ठरवण्याआधी कोठे पाहावे?

आपल्याकडे या कामासाठी मिळणाऱ्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक दीड मिलिग्रॅम असते. आय-पिल, अनवाँटेड-७२ ही तिची बाजारातील परिचित नावे आहेत. एखाद्या नावाची गोळी संपली असेल, तर दुकानदाराकडे घटकाचे नाव सांगून मागावे, कारण त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी मांडणीवर असण्याची शक्यता असते. काही ठिकाणी एका पाकिटात पाऊण मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतात. त्या दोन्ही एकदम घेतल्या तरी चालतात. यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

दुकानाखेरीज दुसरी वाट सरकारी आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. हीच गोळी सरकारी पुरवठ्यात ‘ईझी पिल’ या नावाने येते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय येथे ती विनामूल्य मिळते, आणि २०११ पासून सुरू झालेल्या घरपोच साधनांच्या योजनेत आशाताईंकडे ती दोन रुपयांना ठेवलेली असते. पुरवठा नेहमी सुरळीत असतोच असे नाही, हेही खरे आहे. म्हणून आशाताईंना निरोप पाठवून वाट पाहत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष विचारून घ्यावे आणि त्यांच्याकडे नसेल तर त्याच दिवशी पुढच्या उपायाकडे वळावे. ऑनलाइन मागवलेली गोळी तीन दिवसांनी हातात पडणार असेल, तर तिच्यावर विसंबून राहू नये.

गोळी मिळाली नाही. मग सर्वांत भरवशाचा उपाय कोणता?

तांबी, अर्थात कॉपर-टी. गोळी हा मुख्य उपाय आणि तांबी हा नाइलाजाचा, असा समज सर्वत्र आहे. परिणामकारकतेच्या हिशेबाने तो उलटा आहे. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी ९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरते. अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा प्रकारे तांबी बसवल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी होत्या आणि गर्भ राहण्याचे प्रमाण हजारी एकाहूनही कमी होते. कोणत्याही गोळीला हे जमलेले नाही.

तांब्यातून सुटणारे कण पुरुषबीजाला निकामी करतात आणि गर्भाशयाच्या अस्तरातही असा बदल घडवतात की तेथे काही रुजू शकत नाही. स्त्रीचे वजन किती आहे, तिला इतर कोणती औषधे चालू आहेत, स्त्रीबीज बाहेर पडून गेले आहे की नाही, या गोष्टींनी तांबीच्या कामात फरक पडत नाही. शिवाय ती पुढेही राहू देता येते. सरकारी दवाखान्यांत विनामूल्य बसवल्या जाणाऱ्या दोन प्रकारांपैकी ‘३८० ए’ दहा वर्षे आणि ‘३७५’ पाच वर्षे टिकते. नको असेल तर पुढची पाळी येऊन गेल्यावर ती काढून घेता येते.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे तांबी म्हटले की ती बाळंतपणानंतर किंवा एका मुलानंतर पाळणा लांबवण्यासाठी, असे समीकरण लोकांच्या आणि कित्येक दवाखान्यांच्याही मनात बसले आहे. त्यामुळे दारात गेल्यावर “पाळी आल्यावर या, मग बसवू” असे उत्तर मिळू शकते. आपत्कालीन वापरासाठी मात्र पाळी येईपर्यंत थांबणे म्हणजे उपायच हातचा घालवणे. अशा वेळी “अमुक दिवशी, अमुक वेळी असुरक्षित संबंध आला, पाच दिवस पूर्ण व्हायचे आहेत, आपत्कालीन गर्भनिरोधक म्हणून तांबी बसवायची आहे” असे स्पष्ट शब्दांत सांगावे. उपकेंद्रावर प्रशिक्षित परिचारिका नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय अशा चढत्या क्रमाने जावे आणि शक्य असल्यास निघण्याआधी फोन करून तांबी बसवणारी व्यक्ती आज कामावर आहे का, हे विचारून घ्यावे.

तांबी बसवताना काय होते? फार दुखते का?

आधी गर्भ नाही याची खात्री केली जाते, मग आतून तपासणी करून गर्भाशयाचा आकार आणि दिशा पाहिली जाते. बसवण्याचे काम काही मिनिटांचेच असते. त्या वेळी पाळीत येते तशी कळ येते, क्वचित चक्कर येते. नंतरचे एक-दोन दिवस ओटीपोटात दुखणे आणि थोडे रक्त दिसणे स्वाभाविक आहे. पहिले तीन-चार महिने पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून अंगात रक्त फार कमी असलेल्या स्त्रीने ते आधी सांगावे. ताप, घाणेरडा वास येणारा स्राव किंवा वाढत जाणारे पोटदुखणे ही मात्र अंगावर काढण्याची लक्षणे नव्हेत.

मूल झालेले नाही, लग्नही झालेले नाही. तरी तांबी बसवता येते का? नवऱ्याची सही लागते का?

बसवता येते, आणि सही लागत नाही. मूल न झालेल्या स्त्रीला तांबी बसवू नये, असा कोणताही वैद्यकीय नियम नाही. तांबीमुळे वंध्यत्व येते हा समजही निराधार आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पूर्वीपासून गर्भ असल्यास, जननमार्गात पू होण्यासारखा संसर्ग चालू असल्यास किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असल्यास तांबी टाळतात.

तांबी बसवणारे कोणी जवळपास नाही. घरात माला-एन किंवा माला-डीचे पाकीट आहे. त्याचा उपयोग होतो का?

होतो. रोजच्या संयुक्त, म्हणजे दोन संप्रेरकांच्या, गोळ्या ठरावीक प्रमाणात एकदम घेण्याच्या या पद्धतीला कॅनडातील डॉक्टर अल्बर्ट युझ्पे यांचे नाव आहे. त्यांनी १९७० च्या दशकात ती मांडली आणि या कामासाठीच्या स्वतंत्र गोळ्या बाजारात येण्याआधी जगभर तिचाच आधार होता. जागतिक आरोग्य संघटना आजही तिला मान्यताप्राप्त पर्याय मानते, मात्र लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी किंवा तांबी मिळत असेल तर पसंती त्यांनाच द्यावी.

माला-एन आणि माला-डी यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांमध्ये प्रत्येकी लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असते. शेवटच्या ओळीतील वेगळ्या रंगाच्या सात गोळ्या केवळ लोहाच्या असतात आणि त्यांचा येथे काहीही उपयोग नाही. संप्रेरकाच्या चार गोळ्या एकदम घ्यायच्या आणि बरोबर बारा तासांनी आणखी चार घ्यायच्या, असे एकूण आठ गोळ्यांचे हे प्रमाण आहे. दुकानात मिळणाऱ्या ओव्हरल-एल गोळीतही हेच घटक याच प्रमाणात असतात, म्हणून तिच्याही चार आणि चार. ओव्हरल-जी ही अधिक ताकदीची गोळी असल्याने तिच्या दोन आणि दोन पुरतात. पाकीट अर्धे वापरलेले असेल, तर संप्रेरकाच्या आठ गोळ्या शिल्लक आहेत ना, हे पहिली मात्रा घेण्याआधीच मोजून घ्यावे, आणि मुदत संपल्याची तारीखही पाहावी.

वेळेचा थोडा विचार करावा लागतो. रात्री आठला पहिली मात्रा घेतली तर दुसरी सकाळी आठला येते आणि झोपमोड होत नाही. दुपारी दोनला घेतली तर दुसरी रात्री दोनला येते, तेव्हा गजर लावावा. केवळ सोयीची वेळ यावी म्हणून पहिली मात्रा दिवसभर लांबवणे मात्र शहाणपणाचे नाही. जास्त गोळ्या घेतल्याने परिणाम वाढत नाही, उलट्या तेवढ्या वाढतात.

घरात दुसऱ्याच रोजच्या गोळ्या आहेत. त्या चालतील का?

बहुधा नाही. वरील पद्धतीचा पुरावा प्रामुख्याने लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉर्जेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांवर उभा आहे. डेसोजेस्ट्रेल, ड्रॉस्पायरेनॉन किंवा सायप्रोटेरोन असलेल्या गोळ्या, म्हणजे मुरुमे किंवा पीसीओडीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ सहसा लिहून देतात त्यांपैकी अनेक, या कामासाठी धरू नयेत. पाकिटावरील घटकांची नावे बारीक अक्षरांत असतात. मोबाइलवर छायाचित्र काढून ते मोठे करून वाचावे आणि तरीही शंका राहिली तर औषधविक्रेत्याला घटक विचारावा.

या पद्धतीने मळमळ आणि उलट्या फार होतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि ही पद्धत मागे पडण्याचे तेच मुख्य कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे दोन हजार स्त्रियांवर केलेली तुलना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात युझ्पे पद्धतीने गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रियांना मळमळ झाली आणि जवळपास पाचांपैकी एकीला उलटी झाली. फक्त लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेणाऱ्यांत हेच प्रमाण अनुक्रमे २३ आणि ६ टक्क्यांच्या आसपास होते. गर्भ राहण्याचे प्रमाणही युझ्पे गटात ३.२ टक्के आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल गटात १.१ टक्के आढळले.

गोळ्या पोटभर नसले तरी काहीतरी खाऊन घ्याव्यात. उलटीचा त्रास लवकर होणाऱ्या स्त्रीने औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारून मळमळ थांबवणारी गोळी तासभर आधी घ्यावी. मात्रा घेतल्यानंतर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर ती मात्रा पुन्हा घ्यावी लागते. त्यामुळे चार गोळ्या जास्तीच्या हाताशी असलेल्या बऱ्या. दोन तासांनंतर उलटी झाली तर काही करण्याची गरज नाही. डोके दुखणे, स्तन जड होणे, थकवा हे त्रास सहसा एका दिवसात ओसरतात.

कोणी ही पद्धत टाळावी?

रोजची गोळी महिनोन्‌महिने घेणे वेगळे आणि एकाच दिवसात दोन मात्रा घेणे वेगळे, म्हणून रोजच्या गोळीसाठी असलेले सगळे निर्बंध येथे तसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गाठ होऊन गेली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या आठ गोळ्या घरच्या घरी घेण्याऐवजी आधी डॉक्टरांशी बोलावे. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनीही हा आजार आवर्जून सांगावा.

क्षयरोगाची औषधे चालू आहेत, किंवा फिट्सच्या गोळ्या चालू आहेत. मग?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण आपल्याकडे तो महत्त्वाचा आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील कार्बामेझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन ही औषधे यकृताला संप्रेरके लवकर मोडायला लावतात, त्यामुळे नेहमीच्या मात्रेची गोळी अपुरी पडू शकते. ही औषधे गेल्या चार आठवड्यांत घेतली असतील तरी हेच लागू होते. अशा स्त्रीसाठी तांबीच योग्य. तांबी शक्यच नसेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दुप्पट मात्रा, म्हणजे तीन मिलिग्रॅम, देण्याची शिफारस आहे. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. क्षयरोगाची औषधे मात्र या कारणासाठी एक दिवसही बंद करू नयेत.

वजनाचेही असेच आहे. सत्तर किलोंपेक्षा अधिक वजन असल्यास लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा परिणाम कमी होतो असे दिसून आले आहे. तांबीला वजनाचा फरक पडत नाही.

बाळ अंगावर पिते आहे.

तांबी आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल, दोन्ही चालतात. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील तर माला-एनच्या आठ गोळ्यांचा मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

छाया, अंतरा, पाळी पुढे ढकलण्याची गोळी किंवा गर्भपाताचे किट, यांपैकी काही चालते का?

यांपैकी काहीही चालत नाही. ‘छाया’ ही आठवड्याने घ्यायची संप्रेरकविरहित गोळी असून ती नियमित घेतल्यावरच काम करते. ‘अंतरा’ इंजेक्शन पुढच्या तीन महिन्यांसाठी असते, झालेल्या संबंधासाठी नसते. घरात पूजा, लग्न किंवा गणपती आले की पाळी लांबवण्यासाठी घेतली जाणारी नॉरेथिस्टेरॉनची गोळी पाळीची तारीख सरकवते, गर्भ राहण्यापासून वाचवत नाही. उलट पाळी गर्भ राहिल्यामुळे चुकली की या गोळीमुळे, हे कळेनासे होते.

गर्भपाताच्या किटविषयी जास्त स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. त्यातील मिफेप्रिस्टोन अगदी अल्प मात्रेत काही देशांत, उदाहरणार्थ चीनमध्ये, आपत्कालीन गर्भनिरोधक म्हणून वापरले जाते. आपल्याकडे मिळणारी २०० मिलिग्रॅमची गोळी मात्र राहिलेला गर्भ काढण्यासाठी आहे आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. “एक दिवस झालाय, किट घेऊन मोकळी हो” हा मैत्रिणीचा सल्ला सद्भावनेने दिलेला असला, तरी चुकीचा आहे.

घरगुती उपाय?

कच्ची पपई, अननस, तीळ-गूळ, ओव्याचा काढा, लिंबूपाणी किंवा सोडा टाकून आतून धुणे, उड्या मारणे, लगेच लघवीला जाणे, यांपैकी कशानेही गर्भधारणा टळत नाही. पुरुषबीज मिनिटांतच आत पोहोचते, त्यामुळे धुण्याने ते निघत नाही. झालाच तर संसर्ग होतो. क्विनाइनच्या किंवा इतर कशाच्या मूठभर गोळ्या खाणे तर जीवावर बेतू शकते.

या उपायांनी गर्भपात होतो का?

नाही. गोळ्या मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवतात. ते बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू झाली असेल, तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा उपयोग होत नाही, आणि गोळी घेऊनही दिवस जाण्याचे बहुधा हेच कारण असते. आधीच राहिलेल्या गर्भावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही आणि त्याला अपाय होतो असेही आढळलेले नाही.

ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात आलो आहोत, आमच्या आशाताई गावी आहेत. कोणाकडे जावे?

दिवाळीच्या सुमारास निघालेली कुटुंबे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, चार-पाच महिने कारखान्याच्या परिसरात, तळावर राहतात आणि तेथील आशाताईंच्या यादीत त्यांची नावे नसतात. यादीत नाव नसले तरी सेवा नाकारता येत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात गर्भनिरोधकासाठी रहिवासी पुरावा मागण्याचे कारण नाही. तळाच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या बाह्यरुग्ण वेळेत जावे. एका दिवसाचा खाडा पडेल म्हणून मुकादमाला कारण सांगणे अवघड वाटते, हे समजण्यासारखे आहे. “दवाखान्यात जायचे आहे” एवढे सांगणे पुरेसे आहे, कशासाठी हे सांगण्याचे बंधन नाही. गावातून निघतानाच आशाताईंकडून माला-एनची दोन-तीन पाकिटे, निरोध आणि ईझी पिल बरोबर घेणे हा आमच्या दृष्टीने सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तमिळनाडूत आहे. तेथे दुकानात ही गोळी मिळत नाही, असे का?

तमिळनाडूत अनेक वर्षांपासून औषधविक्रेते ही गोळी सहसा ठेवतच नाहीत. केंद्राच्या नियमांनुसार ती चिठ्ठीविना मिळायला हवी, तरी प्रत्यक्षात चेन्नईसारख्या शहरातही “स्टॉक नाही” हेच ऐकू येते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन तांबी बसवून घेणे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने संयुक्त गोळ्यांची पद्धत वापरणे हे मार्ग तेथेही खुले आहेत. सुट्टीत घरी आल्यावर गोळी बरोबर नेण्यातही काही गैर नाही. हा प्रकार फक्त तमिळनाडूपुरता नाही. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशाने २००९ मध्ये या गोळ्यांवर बंदीच घातली होती आणि ती २०२३ मध्ये उठली.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर?

अशा प्रसंगी दुकान शोधत फिरू नये, थेट रुग्णालयात जावे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने आणि विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये तशी तरतूद आहे. आपत्कालीन गर्भनिरोधक हा या उपचारांचाच भाग आहे. पोलिसांत तक्रार नोंदवलेली नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. एचआयव्हीचा धोका टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तीही येथेच मागावीत. संसर्गाची शक्यता जास्त असेल तर डॉक्टर तांबीऐवजी गोळीच निवडतील. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदत क्रमांक आहेत.

मुलगी अठरा वर्षांखालील आहे.

गोळी वैद्यकीयदृष्ट्या तिच्यासाठी सुरक्षित आहे. मात्र पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला लैंगिक संबंध, संमतीने असला तरी, गुन्हा मानला जातो आणि तो कळल्यावर पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक असते. या भीतीपोटी उपचार टळतात, ही कायद्याची एक अवघड बाजू आहे. पॉक्सो नियमांत आपत्कालीन वैद्यकीय मदत आणि गर्भनिरोधकाविषयीची चर्चा स्पष्टपणे नमूद आहे, त्यामुळे कळवण्याचे कारण पुढे करून डॉक्टर उपचार नाकारू शकत नाहीत.

उपाय केल्यानंतर पाळी कधी येते? गर्भ राहिला नाही हे कसे कळावे?

गोळ्या घेतल्यावर पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येऊ शकते. मध्येच थोडे रक्त दिसले तर तीच पाळी समजून निश्चिंत होऊ नये. अपेक्षित तारखेला सात दिवस उलटले किंवा उपाय करून तीन आठवडे झाले तरी पाळी आली नाही, तर लघवीची तपासणी करावी. ‘निश्चय’ हे सरकारी तपासणी किट आशाताईंकडे मिळते आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर निकाल अधिक स्पष्ट येतो. ओटीपोटात एका बाजूला जोराचे दुखणे, चक्कर, खांद्यात कळ अशी लक्षणे दिसली तर गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते, तेव्हा १०८ वर फोन करून लगेच रुग्णालय गाठावे.

त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला तर?

घेतलेली गोळी पुढच्या संबंधांपासून वाचवत नाही. ती स्त्रीबीज बाहेर पडणे पुढे ढकलते, म्हणजे धोक्याचे दिवसही पुढे सरकतात, हे लक्षात घेतले जात नाही आणि अनेकींचा घात येथेच होतो. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी रोजची गोळी सुरू करावी आणि पहिले सात दिवस निरोधही वापरावा. गोळी पुन्हा घ्यावी लागली तर ती घेता येते, त्याने गर्भाशय खराब होत नाही. पण दर महिन्याला हीच वेळ येत असेल, तर नियमित साधन अधिक परिणामकारक आणि कमी त्रासाचे ठरते. तांबी बसवली असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

एवढे करूनही दिवस राहिले तर?

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची सुधारणा यांनुसार गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्यामुळे राहिलेला गर्भ वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो. ही तरतूद विवाहित आणि अविवाहित दोघींना लागू आहे. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची किंवा आईवडिलांची संमती लागत नाही आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जितक्या लवकर जाल तितकी प्रक्रिया सोपी असते. मान्यताप्राप्त केंद्र कोठे आहे, हे जिल्हा रुग्णालयात विचारता येते, आणि राज्याच्या १०४ या आरोग्य क्रमांकावरही चौकशी करता येते.

गोळी आधीच घरात आणून ठेवली तर चालते का?

चालते, आणि ठेवावी. पावसाळ्यात नाले भरले की भामरागड किंवा धडगाव भागातील कित्येक पाड्यांचा तालुक्याशी संपर्क तुटतो. तेथे ‘लागेल तेव्हा आणू’ हे गणित जमत नाही. गोळी उष्णता आणि ओल यांपासून दूर, मुलांच्या हाती न लागेल अशा जागी, तिच्या मूळ पाकिटातच ठेवावी. पाकिटातून सुटी काढून डबीत ठेवलेल्या गोळीची ना तारीख कळते, ना घटक.